कुंडीखालचा किडा : ओळख, भय आणि उपाय



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. त्याच शाळेत आज उभे राहून बोलावयाचे, तेही त्यांच्या नावाने, ही गोष्ट मला जितकी आनंदाची तितकीच संकोचाची वाटते. या व्यासपीठावरून यापूर्वी शिक्षण, इतिहास, संगीत अशा थोर विषयांवर थोर व्यक्ती बोलून गेल्या आहेत. मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी म्हणालो, "कुंडीखालचा किडा." चिटणीस क्षणभर थांबले आणि त्यांनी अतिशय सौजन्याने विचारले, "तात्त्विक अर्थाने ना?" मी म्हणालो, "नाही. खराच किडा. शेपटीला चिमटा असलेला."

हा किडा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात कुंडी उचलावी, परसातली वीट उलटावी, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले ओले पोते झटकावे, की एक चपटा, तपकिरी-काळा, बोटाच्या पेरापेक्षा थोडासा लांब किडा शेपटीचा चिमटा उगारून धावत सुटतो. आम्ही मुले त्याला 'चिमटेवाला' म्हणत असू. इंग्रजीत त्याचे नाव 'इयरविग'; पुस्तकी भाषेत त्याला कर्णकीटक म्हणता येईल. या नावात कान आला आहे, आणि माझे आजचे सारे बोलणे त्या कानापासूनच सुरू होते.

आमचे मूळ घर धारचे. वडिलांची बदली देवासला झाली म्हणून मी या शाळेत आलो. परंतु आजी धारच्या वाड्यातच राहिली आणि सुटीत आम्ही तिच्याकडे जात असू. मी दहा वर्षांचा असेन, माझी धाकटी बहीण सहा वर्षांची. त्या वर्षी शाळा उघडण्यापूर्वीच पावसाने जोर धरला होता. एका रात्री बहीण कान दुखतो म्हणून रडत उठली. कंदील आणला, उशी उचलली, तर उशीखालून एक चिमटेवाला निघाला आणि भिंतीच्या फटीत नाहीसा झाला. आजीने कपाळाला हात लावला. "पोरीच्या कानात किडा गेला," ती म्हणाली, आणि त्या क्षणी निदान पक्के झाले.

त्यानंतर पंधरवडाभर त्या कानात लसणीचे तेल पडले, पानांचे रस पडले, मिठाचे कोमट पाणी पडले. किड्याला बाहेर काढावयाचे होते ना! पोरीला ताप येत होता, कान वाहू लागला. घरात सर्वांना वाटले, किडा मेला आणि आता निचरा होत आहे. शेवटी वडील आले व तिला इंदूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी कान पाहिला. आत किडा नव्हता, कधीच नव्हता. सर्दी झाल्यावर मुलांच्या कानाच्या पडद्याआड पू धरतो, तसा तो धरलेला होता. पडदा फुटला होता, आणि फुटलेल्या पडद्यातून आमची सारी तेले व सारे रस आत गेले होते. कान बरा व्हावयास फार दिवस लागले. त्या कानाने माझ्या बहिणीला पुढे आयुष्यभर फारसे ऐकू आले नाही. आजही ती सभेत नेहमी डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसते, म्हणजे वक्ता उजव्या कानाकडे येतो.

आजीला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. नातीवर तिची माया होती आणि रात्र रात्र ती जागली होती. तिने जे ऐकले होते ते खरे मानले, आणि डोळ्यांसमोर किडा दिसल्यामुळे त्या ऐकीव गोष्टीला पुरावाही मिळाला. त्याच आठवड्यात वाड्याच्या प्रत्येक कोपऱ्यात डब्यातली पांढरी भुकटी पसरण्यात आली. तिचा कुबट वास मला अजून आठवतो. त्या भुकटीकडे मी नंतर येईन.

प्रथम या भयाचे मूळ पाहू. गंमत अशी, की हे भय आपल्या एकट्याच्या घरातले नाही. इंग्रजीतील जुन्या नावाचा अर्थ 'कानातला किडा' असाच आहे. जर्मन लोक याला 'ओरवुर्म', म्हणजे कानातली अळी म्हणतात. फ्रेंच भाषेतील नावाचा अर्थ 'कान टोचणारा' असा होतो. रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १६०१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा किडा कानात शिरल्यास त्याच कानात थुंकावे, म्हणजे तो बाहेर येतो, असा उपाय दिला आहे. माझ्या आजीने प्लिनी वाचला नव्हता, पण त्या दोघांची समजूत एकच होती. काहींच्या मते या किड्याचा पंख पूर्ण उघडला म्हणजे माणसाच्या कानाच्या पाळीसारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले असावे. मूळ काहीही असो, नावाने भय पसरविले आणि भयाने नाव टिकविले.

आपल्या माळव्यात आणखी एक घोटाळा झाला. आपण मराठी माणसे पवारांच्या काळापासून या भागात राहत आलो. घरात मराठी, ओट्यावर माळवी, बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत आपली मुले वाढतात. मराठीत आपण जिला गोम म्हणतो तिला हिंदीत कानखजूरा म्हणतात. तेथेही कान आलाच. त्यामुळे गोम आणि चिमटेवाला हे दोन अगदी निराळे जीव आपल्या बोलण्यात एक होऊन गेले, आणि एकाची भीती दुसऱ्याच्या डोक्यावर बसली. हा फरक केवळ पंडिती नाही. गोमेला पायांच्या अनेक जोड्या असतात आणि तोंडाजवळच्या नखांत विष असते. मोठी गोम चावली तर कळा येतात. चिमटेवाल्याला पाय सहाच. तो कीटक आहे. त्याच्याजवळ विष नाही, नांगी नाही. शेपटीचा चिमटा तो भक्ष्य धरण्यासाठी, शत्रूला दटावण्यासाठी व आपसांतील भांडणासाठी वापरतो. माणसाच्या बोटाला फार तर किंचित चिमटा बसेल. काही जाती त्रास दिल्यास उग्र वासाचा स्राव सोडतात, इतकेच. तेव्हा पाय मोजावेत, ही पहिली ओळख. आमचे सर म्हणत, "नाव विचारण्याआधी पाय मोज."

नावाविषयी सरांचा एक नियमच होता. एखाद्या मुलाने बरणीत काही धरून आणले, तर ते नाव लगेच सांगत नसत. आधी दोन प्रश्न विचारीत : "कुठे सापडला? आणि तेव्हा काय करीत होता?" या दोन प्रश्नांची उत्तरे आली नाहीत तर बरणी परत जाई. पुढे मी प्राणिशास्त्र शिकलो आणि शिकविलेही. परंतु या दोन प्रश्नांपेक्षा उपयोगी साधन मला कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाले नाही.

आता या जीवाची थोडी शास्त्रीय ओळख करून घेऊ. ज्या गणात तो मोडतो त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'कातडी पंखांचे' असा आहे. स्वीडनचे निसर्ग अभ्यासक चार्ल्स दे गेर यांनी १७७३ मध्ये तो गण मांडला. जगात याच्या सुमारे दोन हजार जाती ज्ञात आहेत. आपल्या देशातील जातींवर माल्कम बर यांचा ग्रंथ १९१० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालेत निघाला. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे जी. के. श्रीवास्तव यांनी तेच काम नव्याने हाती घेतले आणि १९८८ पासून त्याचे तीन भाग प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्याला आपण चपलेखाली चिरडतो त्याच्या अभ्यासात माणसांनी आयुष्ये घातली आहेत. घराभोवती व बागेत ज्या जाती भेटतात त्यांपैकी एक पूर्णपणे बिनपंखी, काळसर, फिकट पायांवर गडद पट्टे असलेली आहे. दुसरी मोठी, पिवळसर तपकिरी, रेताड ओलसर जमिनीत बिळे करणारी आहे. या दोन्ही जाती जगभर पसरलेल्या आहेत. नराचा चिमटा बहुधा बाकदार, मादीचा सरळ. ज्यांना पंख असतात त्यांचे मागचे पंख आखूड कातडी झाकणांखाली इतक्या कुशलतेने घडी घातलेले असतात, की उघडल्यावर ते घडीच्या दहापटीहून अधिक मोठे होतात. या घडीचा अभ्यास करून अभियंते आता घडी घालता येणाऱ्या रचना तयार करीत आहेत. मात्र हे जीव क्वचितच उडतात. दिवसा दडून बसावे, रात्री हिंडावे, अंगाला दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेले असावे, ही त्यांची आवड. म्हणूनच फट, साल, कुंडीचा तळ आणि उशीखालची घडी त्यांना प्रिय. माझ्या बहिणीच्या उशीखाली तो यासाठीच आला होता. तिच्या कानाशी त्याचे काही काम नव्हते.

यानंतरची हकीगत या शाळेतली आहे. बहिणीच्या आजारानंतर मला त्या किड्याचा फार राग आला होता. दिसला की चिरडावयाचा, असे मी ठरविले होते. एकदा श्रमदानाच्या तासाला मी शाळेच्या बागेतली कुंडी सरकविली. खाली ओल्या मातीत एक खळगा होता आणि त्यात एक चिमटेवाला बसला होता. मी पाय उचलला. मागून सरांनी खांदा धरला. "तो पळत का नाही?" त्यांनी विचारले. खरेच, तो पळाला नव्हता. आम्ही उकिडवे बसलो. त्याच्या पोटाखाली मोत्यासारख्या पांढऱ्या अंड्यांची रास होती. ती मादी होती. सरांनी काडीने दोन-तीन अंडी वीतभर दूर सरकविली. ती थोडा वेळ स्तब्ध राहिली, मग पुढे आली, तोंडात एक अंडे धरून परत नेले, पुन्हा आली, दुसरे नेले. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही.

हाच प्रयोग दे गेर यांनी अठराव्या शतकात करून पाहिला होता, हे मला पुढे कळले. मादी एका वेळी जातीपरत्वे काही डझन अंडी घालते. ती अंडी उबेपर्यंत तेथेच थांबते, या काळात फारसे खातही नाही, आणि एकेक अंडे तोंडाने चाटून स्वच्छ ठेवते. ही चाटण्याची क्रिया केवळ माया नव्हे. ओल्या मातीत अंड्यांवर बुरशी चढते. आईला बाजूला केले तर बहुतेक अंडी बुरशीने नासतात, असे प्रयोगांनी दाखविले आहे. पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस ती त्यांना पंखांखाली नव्हे, पण पोटाखाली घेऊन बसते. पुढे पिल्लांनी वेळेवर घर सोडले नाही तर काही जातींत ती त्यांना खाऊनही टाकते, हेही सांगितले पाहिजे. निसर्गाची अर्धीच बाजू सांगणे सरांना आवडले नसते.

धार जिल्ह्याच्या संदर्भात मला येथे एक तुलना सुचते. बाग व कुक्षी यांच्या दरम्यानच्या भागात डायनोसॉरच्या घरट्यांचे अवशेष सापडले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तेथील ९२ घरटी व २५६ अंडी यांची नोंद आहे. ती अंडी आपल्या पृथ्वीवरील प्रचंड शाकाहारी प्राण्यांची, सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीची. घरटी इतकी जवळ जवळ आहेत, की त्या अजस्र माता अंडी घालून निघून जात असाव्यात, तेथे थांबत नसाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे. ज्या जिल्ह्याच्या मातीत तेवढ्या मोठ्या माता अंडी टाकून गेल्या, त्याच मातीत बोटभर लांबीचा हा जीव अंड्यांजवळ दिवसरात्र बसतो. आकारावरून कोणाची योग्यता ठरवू नये, याला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता बागेचा प्रश्न घेऊ, कारण येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना बागेचा नाद आहे आणि ते मनात म्हणत असतील, "आई वगैरे ठीक, पण आमच्या डेलियाच्या पाकळ्या कोण खातो?" तक्रार खोटी नाही. हा किडा सर्वभक्षी आहे. मावा, लहान अळ्या, कीटकांची अंडी, कुजका पाला, बुरशी हे त्याचे अन्न. पण कोवळी रोपे व पाकळ्याही तो कुरतडतो. दक्षिण भारतात याची एक जात भुईमुगाच्या शेंगांना भोके पाडते. ऑस्ट्रेलियात काळ्या, भारी जमिनीत एक जात ज्वारी-मक्याच्या उगवत्या कोंबांना उपद्रव देते, आणि आपली माळव्याची जमीनही काळी व भारीच आहे. दुसऱ्या पारड्यात असे आहे, की युरोपात सफरचंदाच्या बागांत मावा खाणारा म्हणून याला मुद्दाम आश्रय देतात. झाडावर गवत भरलेली कुंडी उलटी टांगतात. ब्राझीलमध्ये मक्यावरील लष्करी अळीची अंडी व लहान अळ्या खाणारा एक चिमटेवाला शेतकऱ्याचा मित्र मानला जातो. ती लष्करी अळी २०१८ पासून आपल्या देशातही आली आहे. तेव्हा हा शत्रू की मित्र, याचे एका शब्दात उत्तर नाही. कोठे आहे, किती आहे आणि तेथे काय करीत आहे, यावर ते अवलंबून आहे. सरांचेच दोन प्रश्न.

येथून जवळच, धार आणि देवास यांच्या मधोमध असलेल्या इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती-उद्योग संस्थेत काम केले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी उलटून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची 'इंदूर पद्धत' तेथे सिद्ध झाली. १९३१ मध्ये या कामावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या आपल्या मराठी रसायनज्ञाचेही नाव आहे. हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. हॉवर्ड यांचे म्हणणे असे, की पिकावर कीड पडली तर तिला शत्रू समजून तुटून पडण्याआधी तिला शिक्षक समजावे. जमिनीत वा मशागतीत काय चुकले हे ती दाखविते. त्यांच्या मताच्या सर्व टोकांशी मी सहमत नाही. परंतु खताच्या ढिगाऱ्यापुरते ते शंभर टक्के खरे आहे. नीट रचलेला, वेळेवर उलटलेला ढीग आतून इतका तापतो, की त्यात कोणी घर करीत नाही. ढीग महिनोन्महिने तसाच ओला, थंड पडून राहिला तर त्याच्या कडेला चिमटेवाल्यांची वसाहत होते. ती वसाहत आपल्या आळसाची नोंदवही होय.

घरात तो का येतो? लाकूड पोखरण्यासाठी नव्हे, कपडे कुरतडण्यासाठी नव्हे, धान्यासाठीही नव्हे. तो रोग पसरवीत नाही आणि घरात त्याची फारशी वाढही होत नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. त्या त्याच्यासाठी आयत्या ओसऱ्या असतात. मृगाचा पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या, पाणी साचले, की हे रहिवासी बेघर होतात आणि जोत्याकडे सरकतात. रात्री दिव्याकडेही काही जाती येतात. म्हणजे तो पाहुणा म्हणून नव्हे, पूरग्रस्त म्हणून आपल्याकडे आलेला असतो.

हे कारण कळले की उपाय आपोआप सुचतात. घराच्या जोत्यालगत हात-दीड हात रुंद पट्टी मोकळी व कोरडी ठेवावी. तेथे विटा, फळ्या, ओली पोती, पालापाचोळा रचू नये. कुंड्या थेट जमिनीवर न ठेवता विटेच्या तुकड्यांवर ठेवाव्यात, म्हणजे तळाला वारा लागतो. गळका नळ व मोरीची तुंबलेली वाट दुरुस्त करावी. बागेला पाणी सकाळी द्यावे; संध्याकाळी दिलेल्या पाण्याने रात्रभर जमीन ओली राहते, आणि रात्र हीच त्याची वेळ. दाराखालची फट पट्टी लावून बुजवावी, भिंतीच्या भेगा भरून घ्याव्यात. अंगणातला पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळा, मंद दिवा लावावा. घरात एखादा आलाच तर केरसुणीने केरभरणीत घेऊन परसात सोडावा. त्यासाठी गल्ली गोळा करण्याचे कारण नाही.

बागेत नुकसान खरोखर होत असेल, तर आधी चोर कोण हे पाहावे. रात्री दहानंतर विजेरी घेऊन वाफ्यात जावे. पानावर चकाकणारा चिकट माग असेल तर तो गोगलगायीचा. अळी असेल तर ती दिसेल. चिमटेवालाच असेल तर संध्याकाळी ओल्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या किंवा पोकळ बांबूच्या नळ्या वाफ्यात ठेवाव्यात. पहाटे ते आश्रयाला त्यांत शिरतात. सकाळी सुरळी उचलून दूरच्या खताच्या ढिगावर झटकावी. संख्या फारच असेल तर साबणाच्या पाण्यात झटकावी. मातीच्या पातळीला तोंड येईल असा उथळ डबा पुरून त्यात थोडे खाण्याचे तेल ठेवले तरी ते त्यात पडतात. रोपे कोवळी असतील ते दोन-तीन आठवडे एवढे पुरते. रोपे जून झाल्यावर या किड्याला मावा खाऊ द्यावा.

आता त्या पांढऱ्या भुकटीकडे येतो. आमच्या वाड्यात पसरलेली ती भुकटी बी.एच.सी. होती. ती मुंग्यांना, झुरळांना, ढेकणांना, सर्वांना एकच औषध म्हणून घरोघरी वापरली जाई. माती, पाणी आणि शरीराची चरबी यांत ती वर्षानुवर्षे राहते हे कळल्यावर १ एप्रिल १९९७ पासून आपल्या देशात तिच्यावर बंदी आली. आम्हां भावंडांच्या अंथरुणांखाली ती पसरलेली होती. परदेशातील बागकामाच्या पुस्तकांतून इयरविगवर आणखी एक औषध सर्रास सुचविलेले असे : कार्बारिल, बाजारातले नाव सेव्हिन. हे सेव्हिन भोपाळच्या कारखान्यात तयार होत असे, आणि ते तयार करण्यासाठी जो वायुरूप होणारा विषारी पदार्थ तेथे साठविला होता, तोच १९८४ च्या डिसेंबरमधील २ तारखेच्या रात्री बाहेर पडला. देवासपासून भोपाळ दीडशे किलोमीटर. या सभागृहात असे कोणी तरी असेलच, ज्याच्या नात्यातले माणूस त्या रात्री तेथे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये कार्बारिलवरही आपल्याकडे बंदी आली.

मी हे सनसनाटीसाठी सांगत नाही. भोपाळची दुर्घटना चिमटेवाल्यामुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. तिची कारणे निष्काळजीपणाची आणि मोठी आहेत. शेतीत कीटकनाशकाची गरज कधीच पडत नाही असेही माझे मत नाही. परंतु विषाच्या प्रत्येक डब्यामागे एक मागणी असते, आणि त्या मागणीतला एक वाटा आपल्या घरातल्या अकारण भीतीचा असतो. जो किडा चावत नाही, डसत नाही, रोग आणीत नाही, त्याच्यासाठी आपण मुलांच्या अंथरुणाखाली विष पसरावे, हा रोगापेक्षा इलाज भयंकर असल्याचा प्रकार होय. फसवी नावे किती महाग पडतात ते पाहा. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असे आपण हसत म्हणतो. येथे नाव कानाचे, आणि कानाशी संबंध काडीचा नाही. तरी त्या नावाने एक कान गेला.

म्हणून कानाविषयी दोन व्यावहारिक शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. कोणताही लहान किडा अपघाताने माणसाच्या कानात शिरू शकतो. बहुधा ते झुरळ वा चिलट असते. खरोखर किडा आत वळवळत आहे असे वाटले, तर काडी, चिमटा, केसांची पिन काहीही आत घालू नये. कान पूर्वी फुटलेला नसेल, वाहत नसेल, तर कोमट खाण्याच्या तेलाचे चार थेंब टाकावेत, म्हणजे किडा मरतो, आणि मग कानाच्या डॉक्टरांकडे जावे. कान वाहत असेल, ताप असेल, तर तेलाचा एक थेंबही टाकू नये. सरळ डॉक्टरांकडे जावे. मुलाचा कान दुखला म्हणजे शंभरातून बहुतेक वेळा कारण सर्दीचे असते, किड्याचे नसते. एवढे एक वाक्य त्या रात्री धारच्या वाड्यात कोणाला ठाऊक असते, तर मला आज हे व्याख्यान द्यावे लागले नसते.

देवासला १९२१ मध्ये महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर राहिले होते. येथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी पाहिला आणि १९२४ च्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीत तो उतरविला. त्यात गोडबोले नावाचे एक मराठी प्राध्यापक कीर्तनात तल्लीन झाले असता त्यांना कधीतरी पाहिलेली एक गांधीलमाशी आठवते आणि तिलाही ते आपल्या प्रेमात सामावून घेतात. एवढी उंची माझ्यासारख्याला गाठता येणार नाही. गांधीलमाशीवर प्रेम करा असे मी कोणाला सांगत नाही, चिमटेवाल्यावरही नाही. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे : पाय खाली आणण्यापूर्वी एकदा पाहा.

गेल्या वर्षी बहीण माझ्याकडे आली होती. पावसाचे दिवस होते. तिची नात गच्चीवर ओरडली, "आजी, कानखजूरा!" माझी बहीण गुडघे दुखत असतानाही वर गेली. मी मागोमाग गेलो. ती त्या मुलीशेजारी उकिडवी बसली होती, आणि तिला विचारीत होती, "पाय किती आहेत, मोज बरं." मुलीने मोजले. सहा. मग बहिणीने कुंडी हळूच होती तशी ठेवली. सरांना ती कधी भेटली नव्हती. तरी त्यांचा एक पाठ तिच्यापर्यंत आणि तिच्या नातीपर्यंत पोहोचला होता. शिक्षकाचे स्मारक म्हणतात ते यापेक्षा निराळे काय असते, हे मला सांगता येणार नाही.